नुसतं छप्पर

आज मिस्त्रींनी ओळंबा सोडला, दोरी सरळ खाली आली आणि भिंत भलतीकडेच. वर भिंतीला टेकलेली, खाली वीतभर लांब. त्यांनी गुण्या पिशवीत टाकला, तंबाखू मळली आणि म्हणाले, "मालक, ह्या घराला भिंतच न्हाई की ओ. जमिनीपास्नं नुसतं छपारच हाय."

मेढ्याकडचा हा जिओडेसिक डोम, म्हणजे त्रिकोण जोडून केलेलं घुमटासारखं घर, घेतल्यापासून एवढं नेमकं कुणी बोललं नव्हतं. विकणाऱ्याने त्रिकोणांची ताकद सांगितली, वारा कसा अंगावरून निसटतो ते सांगितलं, असे डोम गाजवणाऱ्या अमेरिकन बकमिन्स्टर फुलरचं १९५४चं पेटंटसुद्धा सांगितलं, आणि ते सगळं खरंच आहे, कमी सामानात जास्त जागा मिळते हेही खरं. पण नुसतं छप्पर म्हणजे पाऊस सगळीकडे पडणार ना! आपल्या कौलारू घराला वळचण असते, पाणी भिंतीपासून लांब गळतं. इथं वळचणच नाही, पाणी एका सांध्यावरून दुसऱ्यावर, आणि सांधे तर केवढे, एकेका जागी पाच-सहा त्रिकोणांची टोकं भेटतात. उन्हाळ्यात पत्रा फुगतो, रात्री आकसतो, सांध्यात भरलेल्या सिलिकॉनला चीर पडते, मग आषाढात बादली.

(कपाट मागे टेकत नाही हे वेगळंच. बायकोनं त्या फटीत पापडाचे डबे ठेवलेत, खूश आहे.)

मिस्त्री म्हणतात वरून सगळीकडून शिंगल, म्हणजे कौलांसारखे चपटे तुकडे, मारू, थरावर थर, खालून वर. मला पटतंय, पण जावळीचा पाऊस साधा नाही.

कुणी केलंय का असं? टिकतं का?