तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या पायात जोडवी का नाहीत?

हळदीकुंकवाला खाली बसलं की कुणाची तरी नजर पायांवर जातेच. "अगं, जोडवी कुठंयत?" विचारणाऱ्या काकू-मावशी मायेनंच विचारतात, म्हणून आज नीट सांगते.

लेकीच्या वेळी सातव्या महिन्यात पाय सुजले. जोडवी बोटात रुतली. साबण लावला, तेल लावलं, निघेनात. शेवटी सोनाराकडून कापून घेतली. बाळंतपणानंतर सूज ओसरली, पण आईनं जुन्या मापावर करून आणलेली नवी जोडवी बोटात शिरेनात. चपलाही टोचायला लागल्या. सहा नंबरचा पाय सातचा झाला होता. "वजन उतरलं की पायही उतरतील," असं सगळ्या म्हणायच्या. वजन उतरलं, पाय तसेच राहिले.

गरोदरपणात शरीरातले बंध सैल पडतात. रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक त्याला हातभार लावतं. वर वाढलेलं वजन असतंच. तळपायाची कमान खाली बसते आणि पाऊल लांब-रुंद होतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी ४९ गरोदर बायकांची पावलं आधी आणि बाळंतपणानंतर मोजली होती. २०१३ साली त्यांनी सांगितलं की साठ ते सत्तर टक्के जणींची पावलं वाढली, लांबी २ ते १० मिलिमीटरनं. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं. माझ्या अंगाचं काही बिघडलेलं नव्हतं.

टाचेचं दुखणं मात्र खरंच दुखणं होतं. रात्री बाळ रडलं की उठून पहिलं पाऊल फरशीवर टेकवताना टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. चार पावलं चाललं की कमी व्हायचं. "वारा लागला असेल," म्हणून सासूबाईंनी तापलेल्या विटेवर रुईची पानं ठेवून टाचा शेकल्या. शेकताना फार बरं वाटायचं, पण सकाळी पुन्हा तेच. आठ महिने मी ते बाळंतिणीचं म्हणून सोसलं. मग फिजिओथेरपिस्टकडे गेले. उठण्याआधी गादीवरच टॉवेल चवड्याला अडकवून पाऊल स्वतःकडे ओढायला त्यांनी शिकवलं, आणि घरातही मऊ चप्पल घालायला सांगितली. स्वयंपाकघरात चप्पल सासूबाईंना पटेना. शेवटी कधीच उंबरठ्याबाहेर न जाणारा वेगळा जोड त्यांनी स्वतःच आणून दिला. दोन-तीन महिन्यांत टाच सुधारली.

एक मात्र कळकळीनं सांगते. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर चेहरा, हात अचानक सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, तर शेकत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि जोडवी? नव्या मापाची करून बघितली. दिवसभर उभं राहिलं की बोट भरतं, जोडवं रुततं, मग मी पाऊल वाकडं टाकते आणि टाच कुरकुरते. म्हणून घालत नाही. कापलेली जुनी जोडवी कुंकवाच्या डबीशेजारी ठेवलीत. मोडीत घालायला मन होत नाही.