किटच्या पत्रकातली ती एक ओळ

बागेत डेक, म्हणजे लाकडी फळ्यांचा ओटा, करायचा होता. त्याचं किट, म्हणजे कापून तयार केलेले सुटे भाग, घ्यायचं की लाकूड आणून स्वतः डेक बांधायचा, हे ठरवायला मी आधी किटचं पत्रकच वाचून काढलं. पहिली सूचना अशी: ‘जमीन सपाट, घट्ट आणि पाण्याचा निचरा होणारी असल्याची खात्री करून घ्या.’ बस, एवढंच. त्यानंतर पानंच्या पानं चित्रं, कोणता स्क्रू कुठे जातो त्याची.

आमची बाग इंग्लंडमधल्या रेडिंगच्या चारचौघांसारखीच. चिकण माती, पावसाळ्यात (म्हणजे इथे जवळजवळ वर्षभर) पचपचीत आणि उन्हाळा खरंच पडला तर भेगाळलेली. स्वयंपाकघराच्या दारापासून मागच्या कुंपणाकडे तीन मीटरमध्ये चार बोटं उतार. म्हणजे त्या पहिल्या ओळीतच आम्ही नापास.

त्यात मापाची गोची. आमची जागा ४.१ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. किटं मिळत होती ती २.४ किंवा ३.६ मीटरच्या चौरसात. एक घेतलं तर बाजूला गवताची पट्टी उरणार, दुसरं कुंपणाच्या पलीकडे जाणार. याउलट लाकडाच्या वखारीत ४.२ मीटरच्या अखंड फळ्या मिळतात. टोकं कापली की एकही जोड नाही. १२० मिलिमीटरची फळी आणि ५ मिलिमीटरची फट धरली तर तीन मीटरला बरोबर २४ फळ्या. हा हिशेब जमला तेव्हाच मी मनातून किट सोडलं होतं.

तेव्हा बाबा कराडहून आले होते. हयातभर बांधकामांवर देखरेख केलेला माणूस. मी लॅपटॉपवर फळ्यांचे रंग दाखवायला लागलो तर म्हणाले, “अरे, फळ्या कुणीही ठोकील. खाली काय करणार आहेस ते सांग.” मी लेझर लेव्हल भाड्याने आणतो म्हटलं. त्यांनी पारदर्शक नळी आणायला लावली. आपल्याकडचे गवंडी वापरतात तीच लेव्हल ट्यूब. नळीत पाणी भरायचं, एक टोक भिंतीवरच्या खुणेला धरायचं, दुसरं खुंटीला, आणि पाणी थांबलं की खूण करायची. मध्ये एक बुडबुडा राहिला तरी लेव्हल खोटी येते, म्हणून बाबा दर वेळी नळी उंच धरून टिचक्या मारत बसायचे. कोपरे तीन-चार-पाचच्या हिशेबाने गुण्यात, म्हणजे काटकोनात, घेतले, मग दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही ५.०८ मीटर. बाबांनी टेप माझ्या हातातून घेऊन पुन्हा मोजले, ते वेगळं.

किटवाले जे सांगत नाहीत ते असं की डेकचा वरचा पृष्ठभाग घराच्या ओलप्रतिबंधक थराच्या, इथे ज्याला डीपीसी म्हणतात त्याच्या, किमान १५० मिलिमीटर खाली हवा. नाहीतर पावसाचे शिंतोडे थराच्या वरच्या विटांत जातात आणि घरात ओल चढते. भिंतीतल्या हवेच्या जाळ्या झाकायच्या नाहीत, हेही आलंच. आमच्या दाराबाहेर दोन पायऱ्या आहेत म्हणून निभावलं. दुसऱ्या बाजूने, इंग्लंडमध्ये डेक जमिनीपासून ३० सेंटिमीटरपेक्षा उंच गेला तर प्लॅनिंगची परवानगी घ्यावी लागते. या दोन आकड्यांच्या मध्ये तुम्हाला १५० मिलिमीटरचे जॉइस्ट आणि २८ मिलिमीटरची फळी बसवायची असते. जॉइस्ट म्हणजे फळ्यांखालचे वासे. आम्ही ४०० मिलिमीटरवर बारा टाकले.

लाकूड घेताना शिक्का बघायचा. जमिनीला टेकणाऱ्या लाकडाला यूसी४ दर्जाची कुजरोधक औषधाची प्रक्रिया लागते, वरच्या फळ्यांना यूसी३ चालते. औषध गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं, म्हणून कापलेल्या प्रत्येक टोकाला पुन्हा औषध लावायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळण्याचा मोह होतो. टाळू नका, कुजायला सुरुवात तिथूनच होते. स्क्रूची लांबी फळीच्या जाडीच्या अडीचपट, म्हणजे आमच्या फळीला ७० मिलिमीटर.

खाचांच्या फळ्यांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. खाचा घसरू नये म्हणून असतात असं सगळे समजतात. आमच्या फळ्या घराला समांतर, आणि पाण्याचा उतार घरापासून दूर. म्हणजे खाचा उताराला आडव्या आल्या असत्या, पाणी त्यांतच बसलं असतं आणि हिवाळ्यात शेवाळ. मी गुळगुळीत फळ्या घेतल्या. किटमध्ये बहुधा खाचांच्याच येतात.

पैशाचं म्हणाल तर लाकडात फारसं वाचलं नाही. किटएवढेच गेले, थोडे इकडेतिकडे. खडी, काँक्रीट, तणरोधक कापड आणि उंदीर शिरू नयेत म्हणून कडेने पुरलेली जाळी हा खर्च किट घेतलं असतं तरी सुटला नसता. करवत भाड्याने आणली, इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे स्क्रू पिळायचं बॅटरीवरचं यंत्र, विकत घेतला.

तरी किटला सरसकट नावं ठेवणार नाही. शेजारच्या बाईंकडे आधीच सपाट फरशी होती. त्यांनी २.४ मीटरचं किट आणलं, भाचा आला, दुपारच्या चहापर्यंत खुर्च्या मांडून झाल्या. फरशी असती तर मीही तेच केलं असतं. पण मातीवर बांधायचं असेल तर किटमुळे फक्त शेवटच्या दिवसाचं काम कमी होतं, आणि खरं सांगायचं तर मजा त्याच दिवशी असते.

बाबांना तो इम्पॅक्ट ड्रायव्हर कराडला न्यायचाय. चार्जर तिकडे चालेल का, म्हणून दोनदा विचारून झालं. व्होल्टेज तेच आहे, फक्त पिन बदलावी लागेल. बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेत न्याव्या लागतील, म्हणजे परत जाताना त्या बॅगेत तरी जागा ठेवा म्हटलंय.