मिस्सा संपल्यानंतर

रविवारच्या मिस्साबलीच्या, म्हणजे चर्चमधील आमच्या मुख्य उपासनेच्या, शेवटी धर्मगुरू आशीर्वाद देऊन आपल्याला शांतीने जायला सांगतात, आपण ‘देवाला धन्यवाद’ म्हणतो आणि बाहेर पडतो. या निरोपाचे महत्त्व मला वयानुसार अधिकाधिक जाणवू लागले आहे, कारण वेदीवर जे घडले ते आपल्या घरात, वाडीत, कचेरीत आणि भाऊबंदांत पुढे चालू राहावे, अशी चर्चची त्यामागे अपेक्षा असते. आम्हा वसईच्या कॅथलिकांना चर्चमध्ये येण्याची सवय कोणी लावावी लागत नाही. नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), सण, मे महिन्यातील जपमाळ, पहिल्या शुक्रवारची मिस्सा हे सारे आमच्या अंगवळणी पडलेले आहे आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. परंतु श्रद्धेचा कस चर्चच्या फाटकाबाहेर लागतो, आणि त्याविषयी आपण एकमेकांशी फारच कमी बोलतो.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे (१९६२–६५) मिस्सा मराठीत आली, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. लॅटिन प्रार्थना चालू असताना खाली बसून जपमाळ ओढणाऱ्या आज्यांच्या आठवणी अजून घराघरांत निघतात. त्याच परिषदेने १९६४ साली चर्चविषयीच्या आपल्या दस्तऐवजात स्पष्टपणे सांगितले की, पवित्र जीवनाचे पाचारण केवळ धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना नसून बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला, त्याच्या त्याच्या कामधंद्यात आणि संसारात आहे. ही शिकवण मात्र आम्ही मराठी मिस्साइतकी मनावर घेतलेली नाही. एखादी बाई फार भाविक आहे असे आम्ही म्हणतो तेव्हा ती रोज मिस्साला जाते एवढाच त्याचा अर्थ असतो. तिच्या सुनेला या घरात मोकळा श्वास घेता येतो का, तिच्या वाडीत राबणाऱ्या आदिवासी बाईला मजुरी वेळेवर मिळते का, हे त्या भाविकपणात धरलेले नसते.

आमचे संत गोन्सालो गार्सिया यांच्याबाबतीतही असेच झाले आहे. ते वसईत जन्मले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे आणखी पंचवीस जणांबरोबर त्यांना क्रुसावर मारण्यात आले आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. दरवर्षी सणाच्या प्रवचनात त्यांचे हौतात्म्य सांगितले जाते आणि ते सांगितलेच पाहिजे. पण मला त्याआधीचे गोन्सालो अधिक जवळचे वाटतात. येशूसंघीयांच्या (जेझुइट धर्मगुरूंच्या) सेवेत राहून ते जपानी भाषा शिकले, पुढे व्यापारात पडले आणि मग मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले. धर्मगुरूपदाची दीक्षा त्यांना कधी मिळाली नाही. फ्रान्सिस्कन मिशनरी जपानला निघाले तेव्हा गोन्सालो दुभाषा म्हणून त्यांच्याबरोबर गेले, म्हणजे लोकांत वावरून कमावलेली भाषाच देवाच्या उपयोगी पडली. आमच्या मुलांना हा भाग सविस्तर सांगितला, तर संत होणे म्हणजे काय याची त्यांची कल्पना निश्चितच बदलेल.

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, अंथरुणाला खिळलेल्या लोकांना घरी जाऊन ख्रिस्तशरीर (मिस्सात अर्पण केलेली पवित्र भाकर) देण्याची सेवा काही प्रापंचिकांकडे सोपवलेली आहे, आणि ती माझ्याही वाट्याला आलेली आहे. धर्मगुरू पवित्र भाकर एका लहानशा गोल डबीत ठेवून देतात आणि ती डबी पिशवीत घालून गळ्यात अडकवली जाते. मग वाटेत गप्पागोष्टी न करता सरळ आजाऱ्याच्या घरी जायचे असते. आमच्या गावात सकाळच्या वेळी ही गोष्ट अवघड असते, कारण प्रत्येक ओट्यावरून कोणी ना कोणी हाक मारतेच. पण हात छातीशी पाहिला की लोक ओळखतात आणि क्रुसाची खूण करून वाट देतात. घरी स्टुलावर पांढरा कपडा, त्यावर क्रूस, एक मेणबत्ती आणि पेलाभर पाणी अशी तयारी केलेली असते. ज्यांना गिळणे कठीण जाते त्यांना भाकरीचा अगदी कणभर तुकडा चमच्यातल्या पाण्याबरोबर द्यावा लागतो आणि तो घशाखाली उतरेपर्यंत थांबावे लागते. शेवटी डबी पाण्याने धुऊन ते पाणी प्यायचे किंवा झाडाच्या मुळाशी ओतायचे.

या घरांमध्ये ज्या गोष्टीकडे माझे लक्ष सर्वाधिक जाते, ती म्हणजे आजाऱ्याच्या अंगावरची धुतलेली चादर. मी पोचण्यापूर्वी कोणीतरी पहाटे उठून त्या म्हाताऱ्या माणसाला पुसलेले असते, कूस बदलून पाठीवरच्या जखमेला पावडर लावलेली असते, अंथरुण बदललेले असते. हे करणारी सून किंवा मुलगी मी पोचते तेव्हा दाराआड उभी असते आणि ‘मला कित्येक महिने रविवारची मिस्सा मिळालेली नाही’ असे खालच्या आवाजात, अपराध्यासारखे सांगते. अशा वेळी मी तिला दोन गोष्टी आवर्जून सांगते. आजारपण, तान्ह्या बाळाची देखभाल यांसारखे गंभीर कारण रविवारच्या बंधनातून मोकळीक देते, हे चर्चच्या धर्मशिक्षणातच म्हटलेले आहे, आणि आजाऱ्याची देखभाल हेही तसेच कारण आहे, तेव्हा तिच्या माथी कोणतेही पाप नाही. दुसरे म्हणजे, आजाऱ्याबरोबर त्याची शुश्रूषा करणाऱ्यालाही तेथेच ख्रिस्तशरीर स्वीकारता येते. अनेकींना हे ठाऊकच नसते. ‘मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या भेटीस आलात’ हे मत्तयच्या शुभवर्तमानातील ख्रिस्ताचे वचन आम्ही फलकांवर लिहितो, प्रवचनात ऐकतो. ते ज्या बाईच्या हातून रोज पाळले जात आहे, ती स्वतःला धर्मात मागे पडलेली समजते, याचे मला फार वाईट वाटते.

आता एका कठीण विषयाकडे वळते. वसईत जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून आमच्या कुटुंबांतील श्रद्धेची सर्वांत मोठी परीक्षा सातबाऱ्यावर होत आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार ख्रिस्ती मुलाला आणि मुलीला सारखाच वाटा मिळतो. कायदा इतका सरळ असूनही वारसनोंदीची वेळ आली की बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याचा प्रघात घरोघरी आहे. ‘लग्नात तुझे सगळे केले’, ‘माहेर तुटेल’, ‘भावांची मुले लहान आहेत’ असे सांगितले जाते आणि बहीण सही करते. स्वखुशीने सोडलेल्या हक्काबद्दल माझी काहीच तक्रार नाही. सुस्थितीतल्या बहिणीने अडचणीतल्या भावासाठी वाटा सोडला तर ते दानच होय. प्रश्न आहे तो तिला खरोखर विचारले होते का, याचा. मी ज्यांच्याकडे ख्रिस्तशरीर घेऊन जाते त्यांतील एका वृद्ध मावशींनी मला एकदा सांगितले, ‘बाय, मी नाही म्हटलंच नसतं. पण कागद पुढे ठेवून पेन हातात दिलं. विचारलं कोणीच नाही.’

मिस्साबलीत ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण एकमेकांना शांतीचे चिन्ह देतो. त्याचे मूळ शुभवर्तमानातील एका अत्यंत व्यावहारिक आज्ञेशी जुळते. वेदीजवळ दान आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा आणि मग दान अर्पावे, असे येशूने सांगितले. येथे एक बारकावा आहे. तुमच्या मनात राग आहे का, असे येशू विचारत नाही. दुसऱ्याच्या मनात तुमच्याविषयी काही आहे का, असे विचारतो. आपल्या मनात कोणाविषयी काही नाही, असे भाऊ अगदी प्रामाणिकपणे सांगू शकतो, कारण जमीन त्याच्याकडे आहे. या आज्ञेप्रमाणे जाऊन विचारण्याची जबाबदारी त्याचीच ठरते.

पापनिवेदनाविषयीची शिकवणही याच दिशेची आहे. प्रायश्चित्त संस्कारात देव पापाची क्षमा करतो, परंतु त्या पापाने दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देण्याची जबाबदारी संपत नाही. चोरलेले परत करायचे असते, बदनामी केली असेल तर ज्याची केली त्याचे नाव पुन्हा उजळायचे असते. शुभवर्तमानातील जक्कय या जकातदाराच्या घरी येशू जेवायला गेला तेव्हा जक्कयाने केवळ अश्रू ढाळले नाहीत, तर अन्यायाने घेतलेले चौपट परत करीन असे सर्वांसमक्ष सांगितले. आमच्याकडे उपवासकाळात, म्हणजे पास्काच्या (ईस्टरच्या) आधीच्या चाळीस दिवसांत, पापनिवेदनासाठी लांब रांगा लागतात, आणि त्या पाहून मला आनंद होतो. रांगेतून उठून तलाठ्याकडे किंवा वकिलाकडे जाणारी माणसेही आमच्यात आहेत, हे मी मुद्दाम नोंदवते. एका कुटुंबात भावांनी वडिलांच्या पश्चात बहिणीचे नाव सातबाऱ्यावरून वगळले नाही, वाडीतला तिचा भाग मोजून वेगळा करून दिला आणि त्याबद्दल गावात एक शब्दही उच्चारला नाही. मला ते कळले तेही त्या बहिणीकडूनच.

जमिनीचा विषय निघालाच आहे म्हणून बावखलांविषयीही लिहिते. आमच्या वाड्यांतील ही गोड्या पाण्याची तळी पूर्वजांनी खोदली, त्यांच्या काठाने केळी आणि पानवेली वाढल्या, आणि आजूबाजूच्या विहिरींचे पाणी टिकले. आज बावखल बुजवून त्यावर बांधकाम करणे हा जणू मालकाचा खासगी मामला समजला जातो. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लोकांना संघटित केले, तेव्हा धर्मगुरूंनी या भानगडीत कशाला पडावे, असे म्हणणारे लोक होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या रक्षणावर परिपत्र काढले, त्याच्या कितीतरी आधी आमच्या एका धर्मगुरूने हे ओळखले होते की, शेजाऱ्याची विहीर आटवणारी कृती ही शेजारधर्माच्या आज्ञेखालीच मोडते.

हे सगळे मोठ्या निर्णयांविषयी झाले, आणि असे निर्णय आयुष्यात क्वचित येतात. त्यांच्यासाठी मन तयार होते ते रोजच्या साध्या प्रार्थनेत, असा माझा विश्वास आहे. संध्याकाळची जपमाळ आमच्या बहुतेक घरांत पूर्वी जेवणाआधी ठरलेल्या वेळी होत असे. आता मुलगा दहाच्या गाडीने परततो, मुलीची क्लासची वेळ वेगळी, आणि सर्वांनी मिळून पाचही रहस्ये (येशू आणि मारिया यांच्या जीवनातील प्रसंगांवरचे जपमाळेचे भाग) म्हणणे अवघड झाले आहे. अशा वेळी सगळे सोडून देण्यापेक्षा जे घरी असतील त्यांनी एक रहस्य म्हणावे, या मताची मी आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली प्रकाशाची रहस्ये जपमाळेला जोडली. त्यांत काना गावच्या लग्नाचे रहस्य आहे, आणि घरात लग्न ठरले की आम्ही ते मुद्दाम म्हणतो. द्राक्षारस संपल्याचे मारियेच्या लक्षात आले, यजमानांची अब्रू जाऊ नये म्हणून ती धडपडली. ज्या समाजात लग्नाच्या जेवणावळीसाठी आणि दारूसाठी लोक कर्ज काढतात, त्या समाजाने हे रहस्य म्हणताना शेजारच्या वधूपित्याच्या पाकिटाचाही विचार करावा, असे मला वाटते.

नोकरीमुळे मला अनेक वर्षे चर्चगेट ते वसई असा प्रवास करावा लागला. त्या प्रवासात मी येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेले दैनंदिन आत्मपरीक्षण करायला शिकले. आधी दिवसाबद्दल आभार मानायचे, मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, सकाळपासूनचे प्रसंग एकेक करून आठवायचे, चुकले असेल तेथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी एखादी लहानशी गोष्ट ठरवायची. त्यासाठी शांत जागा लागत नाही. बोरिवलीनंतर गर्दीत उभे राहूनही ते होते. मी हिशेब विभागात होते, त्यामुळे माझ्या परीक्षणात व्हाउचरे आणि बिले बरीच असत: एखाद्या पुरवठादाराचा चेक मी उगाच अडवून ठेवला का, कनिष्ठ सहकाऱ्याशी वरच्या आवाजात बोलले का, अधिकाऱ्याच्या चुकीच्या खर्चावर सही करताना गप्प बसले का. अशा प्रश्नांची उत्तरे रोज द्यावी लागली की दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर बसताना माणूस सावध होतो.

येत्या उपवासकाळासाठी आमच्या आळीतील प्रार्थनासभेत मी एक सूचना मांडणार आहे. मांसमच्छी आणि गोडधोड सोडणे आपण करतोच, ते तसेच चालू ठेवावे. त्याबरोबर प्रत्येक घराने या चाळीस दिवसांत एक राहिलेला व्यवहार पूर्ण करावा: मजुराची थकलेली रक्कम, न बोलणाऱ्या जावेची भेट, बहिणीला कधीच न विचारलेला प्रश्न. यशया संदेष्ट्याने अन्यायाच्या बेड्या तोडणारा उपवास देवाला आवडतो असे सांगितले आहे, आणि सभेत वाचनासाठी तोच अठ्ठावन्नावा अध्याय घ्यावा, असे मी सुचवणार आहे. कोणी काय केले हे सभेत विचारले जाणार नाही. आजारी माणसांच्या घरी आळीपाळीने दोन तास बसायला कोण तयार आहे, एवढी एक यादी मात्र त्याच दिवशी लिहून घ्यावी, म्हणजे त्या सुनांना आणि मुलींना पास्काच्या रात्रीच्या मिस्साला येता येईल.