फाज कशात बुडालाय, ते आधी सांगा

फाज, म्हणजे जिवाणूंना मारणारा विषाणू, गॅमा किरणांच्या किती ग्रेला (ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक) मरतो, असं कुणी विचारलं तर उलट विचारावं: नळीत काय भरलंय?

गॅमा किरणांची बहुतेक ऊर्जा पाण्यातच जिरते. त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल (भिडेल त्याच्याशी लगेच अभिक्रिया करणारे कण) निघतात, १ किलोग्रेला लिटरमागे साधारण २८० मायक्रोमोल. डीएनएवर थेट बसणारा मारा वेगळा. माध्यम बदलून तो फारसा टळत नाही. पण पातळ फॉस्फेट बफरमध्ये (बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) खरे मारेकरी हे रॅडिकलच, कारण फॉस्फेट त्यांना जवळपास अडवत नाही. माध्यमाचा हा प्रभाव लुरिया आणि एक्सनर या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्येच एक्स-किरण वापरून दाखवला होता.

आता फाजवाले डोळे झाकून वापरतात तो एसएम बफर बघा: १०० मिलीमोलर मीठ, ८ मिलीमोलर मॅग्नेशियम सल्फेट, ५० मिलीमोलर ट्रिस (पीएच सांभाळणारं सेंद्रिय रसायन), ०.०१ टक्के जिलेटिन. उदासीन पीएचला मिठाचा फारसा फरक पडत नाही. ट्रिस मात्र रॅडिकल गिळतो. एवढ्या ट्रिसमध्ये रॅडिकल वीसेक नॅनोसेकंद टिकतो आणि तेवढ्यात जेमतेम पंधरा नॅनोमीटर सरकतो. टी४ या फाजचं डोकंच शंभरेक नॅनोमीटरचं! १ मोलर डीएमएसओत (रॅडिकल आणखी वेगाने गिळणारं द्रावक) तर हे अंतर दीड नॅनोमीटरवर येतं. एसएममध्ये मोजून फाज चिवट ठरवणं म्हणजे छत्रीखाली उभं राहून पाऊस थांबला म्हणणं.

म्हणून लायसेट (फाजने जिवाणू फोडल्यावर मिळणारं द्रावण) नुसतं पातळ करून भागत नाही, रॅडिकल गिळणारा ब्रॉथ (जिवाणूंचं पोषक द्रावण) मागे उरतोच. १० मिलीमोलर फॉस्फेट आणि १ मिलीमोलर मॅग्नेशियम सल्फेटमध्ये डायलिसिस करा (पडद्याच्या पिशवीतून लहान रेणू बाहेर जाऊ द्या), बफर दोनदा तरी बदला. स्वच्छ बफरमध्ये विरळ फाज काचेलाही चिकटतो, तेव्हा किरण न दिलेली नळी तशाच काचेत, तेवढाच वेळ ठेवा; नाहीतर चिकटलेले फाज मेलेल्यांत मोजले जातात.

नळी बाहेर काढल्यावरही काम संपत नाही. पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड उरतं आणि टायटर (जिवंत फाजची संख्या) पुढेही घसरू शकतं. शास्त्रज्ञ टिकवा आल्पर यांनी एस१३ फाजवर हा परिणाम अभ्यासला होता. लगेच ब्रॉथमध्ये शंभरपट पातळ करा किंवा कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं विकर) घाला. प्लेटिंग (जिवाणूंच्या थरावर पसरून जिवंत फाज मोजणं) जेवणानंतर करू म्हणून नळी टेबलावर ठेवलीत, तर आकडा डोसचा राहत नाही.

धोकादायक विषाणू मारण्यासाठी सहसा कोरड्या बर्फावर गोठवून किरणांना देतात. गोठल्यावर रॅडिकल जागच्या जागी अडकतात, त्यामुळे डोस बराच जास्त लागतो. पातळ द्रवात मोजलेला डोस गोठलेल्या, त्यातही रॅडिकल गिळणारं सीरम असलेल्या नळ्यांना लावला, तर आत जिवंत विषाणू उरू शकतो.