पांढऱ्या ठोकळ्यांचं भाषण

दिवाळीची सुटी संपली की डिसेंबरातल्या एका रविवारी वाईतल्या आमच्या शाळेत मुलांनी संगणकात बांधलेल्या वास्तूंचा मेळावा भरतो. पत्रिकेवर ‘आभासी वास्तू मेळावा’ असं छापतो, मुलं ‘ठोकळ्यांचा मेळावा’ म्हणतात. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, अहवालवाचन हे सगळं रीतसर होतं. मी चित्रकलेची शिक्षिका. माझा जीव त्यानंतरच्या फेरफटक्यात अडकलेला असतो.

आमचे संगणक जुने, म्हणून मुलं बांधतात ती लुआंटीत. फिनलंडमध्ये 2010 साली सुरू झालेला, ठोकळे रचून बांधायचा हा मुक्त आणि मोफत प्रोग्राम. 2024 पर्यंत त्याचं नाव मायनटेस्ट होतं, मोठी मुलं अजून तेच म्हणतात. लॅबमधला एक संगणक सर्व्हर होतो, बाकीचे त्याला जोडले जातात आणि सगळा गट एकाच माळावर एकाच वेळी बांधायला लागतो. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. आत फिरणारा माणूस पावणेदोन ठोकळे उंच. अर्ध्या ठोकळ्याची पायरी तो सहज चढतो, अख्ख्या ठोकळ्यावर त्याला उडी मारून जावं लागतं. एवढ्या जाड मापात बुरूज गोल करायचा आणि कमान वळवायची म्हणजे डोकं लागतं. आठवीची मुलं आधी चौकटीच्या वहीत वर्तुळ काढतात आणि कुठले चौकोन भरायचे ते ठरवतात. भूमितीच्या तासाला मागच्या बाकावर बसणारी मुलंसुद्धा यात अर्धा तास मान वर करत नाहीत.

मेळाव्याच्या दिवशी एक नियम आम्ही कडक पाळतो. लुआंटीत उडता येतं. त्या दिवशी उडण्याची मुभा काढून घेतो. पडद्यावर वास्तू दाखवणाऱ्या मुलाने चालतच गेलं पाहिजे. रायगडच्या गटाने मला याचं मोल पटवलं. महादरवाजाचे दोन बुरूज, एक 75 फुटी आणि दुसरा 65 फुटी, त्यांनी 23 आणि 20 ठोकळ्यांचे केले होते. वरून पाहिलं तर दरवाजा लगेच दिसतो. पण सातवीतला मुलगा वाटेवरून चालत निघाला तेव्हा आधी नुसता तट, मग बुरजाची पाठ, पुन्हा वळण, आणि बुरजांच्या मिठीत शिरल्यावर एकदम दरवाजा. सभागृहात ‘अरे!’ असा आवाज झाला. गोमुखी बांधणी मी फळ्यावर अनेकदा काढून दाखवली आहे, तो आवाज कधी आला नव्हता. शत्रूला दार दिसेपर्यंत तो दोन्ही बाजूंनी माऱ्यात सापडलेला असतो, हे मुलाला वेगळं सांगावंच लागलं नाही.

ढोल्या गणपतीचं देऊळ तर आमच्या घरचं. 1762 साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेलं. कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून बाजूने जावं म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. ठोकळ्यांत ती निमुळती करताना मुलींनी तीन वेळा पाडून पुन्हा बांधली. शेवटी त्यांनी भिंतीमागे पाणी सोडून पाहिलं. लुआंटीतलं पाणी उगमापासून सात-आठ ठोकळे पसरतं आणि थांबतं, भिंतीला काही करत नाही. गटातली नववीची मुलगी माइकवर म्हणाली, “इथल्या पाण्याला जोर नाही, म्हणून ही भिंत अशी का आहे ते इथे दिसणार नाही. ते बघायला पावसाळ्यात घाटावर जा.” परीक्षक म्हणून आलेले वास्तुविशारद खुर्चीत सरसावून बसले. मला तर त्या पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं.

तिथे दगड हवेत अधांतरी राहतो. फक्त वाळू आणि खडी खाली पडते. त्यामुळे खांब काढला तरी छत जागेवर राहतं आणि लहान मुलांना त्याची सवय लागते. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील गवंडी आहेत. एका वर्षी ते मेळाव्याला आले, कामावरूनच, पायाला सिमेंट तसंच. त्यांनी पडद्यावरची कमान पाहिली आणि हात वर करून म्हणाले, “बाई, ह्या कमानीची चावी कुठंय? ही बसंल खाली.” चावी म्हणजे कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड. तेव्हापासून दर वर्षी ते एका शनिवारी येतात आणि कमान, लगी, तुळई आणि दोन खांबांमधला खण यांबद्दल तासभर बोलतात. मेळाव्यातली भाषणं मला वर्षभरात पुसट होतात, त्यांचा तास होत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. प्रत्येक गटाने शेवटी एक भाषण करायचं असतं. जे पाहिलं, मोजलं किंवा कागदपत्रांत सापडलं ते खऱ्या रंगात बांधायचं आणि ज्याला पुरावा नाही ते पांढऱ्या लोकरीच्या ठोकळ्यांत. मग गटातल्या एकाने उभं राहून पांढरं काय आहे आणि ते तसं का धरलं ते सांगायचं. लंडन चार्टर नावाचा एक मसुदा आहे, 2009 ची आवृत्ती. वारशाची संगणकीय प्रतिकृती करताना पुरावा कुठवर आणि अंदाज कुठून ते दिसलं पाहिजे, असं तो सांगतो. आमच्या संगणकाच्या सरांनी तो वाचून दाखवला आणि पांढऱ्या लोकरीची कल्पना मुलांनीच काढली.

शनिवारवाड्याचा गट उभा राहिला ते वर्ष मी विसरणार नाही. वाड्याचा पाया 1730 साली घातला, 1732 साली वास्तुशांत झाली आणि 1828 च्या आगीत लाकडी वाडा गेला. उरले दगडी जोती, तट, दरवाजे. मुलांनी तट आणि दिल्ली दरवाजा करड्या दगडात बांधला, वरचा नगारखाना लाकडात, जोती मोजून घेतली. त्या जोत्यांवर चढत गेलेले मजले, ज्यांना सगळे सात म्हणतात, ते सगळे पांढरे. पडद्यावर तो पांढरा डोलारा उभा राहिला आणि भाषण करायला आली ती वर्गात कधी हात वर न करणारी मुलगी. म्हणाली, “हे जोतं खरं आहे. इथून वर आम्हाला माहीत नाही. वाडा सुंदर दिसावा म्हणून आम्ही रंग दिला असता, पण मग तुम्हाला वाटलं असतं की असाच होता.” एवढं बोलून ती बसली. माझ्या शेजारी बसलेले आमचे निवृत्त मुख्याध्यापक चष्मा काढून पुसत होते. वक्तृत्व स्पर्धांची ढाल आमच्या शाळेत बरीच वर्षं आहे. मला विचाराल तर शाळेतलं सर्वांत चांगलं वक्तृत्व या भाषणात असतं.

आणि म्हणूनच उपस्थितीचं मला लागतं. स्नेहसंमेलनाच्या नाचांना सभागृहात उभं राहायला जागा नसते, ठोकळ्यांच्या मेळाव्याला मागच्या खुर्च्या रिकाम्या. पालक आपल्या पाल्याचा फेरफटका संपला की उठतात, दुसऱ्याच्या पोराचं पांढऱ्याचं भाषण ऐकायला थांबत नाहीत. पुण्यात आर्किटेक्चरला गेलेली आमची माजी मुलं फोनवर ‘बाई, यंदा नक्की’ म्हणतात. फक्त जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेल्यावर त्या डिसेंबरात सभागृह भरलं. बारापैकी अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. सहा गटांनी किल्लेच घेतले. मला आनंद झाला, पण शनिवारवाड्याच्या वर्षी ही माणसं कुठे होती, हेही मनात आलंच.

ज्यांच्यावाचून मेळावा होत नाही ती माणसं सांगते. संगणकाचे सर, आणि सर्व्हर बंद पडला की रात्री येणारा त्यांचा धाकटा भाऊ. लॅबची किल्ली सुटीतही आणून देणारे शिपाईकाका. मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यात सहा चौकांतून टेप धरून फिरणाऱ्या मुलांसाठी दारं उघडणारे काका. विश्वकोशाचे खंड काढून देणाऱ्या ग्रंथपालबाई. प्रोजेक्टर देणारे स्टुडिओवाले, दोन्ही, कारण एका वर्षी एकाचा दिवा गेला तेव्हा दुसऱ्यांनी लग्नाची ऑर्डर सोडून आणला. पोह्यांच्या मावशी आणि त्यांची सून. सतरंज्या देणारं आळीतलं उत्सव मंडळ. इतिहासाच्या बाई, ज्यांनी सनावळ्या तपासल्या. गवंडीदादा तर आहेतच. आणि वीज गेली तेव्हा दुकानातून इन्व्हर्टर काढून आणणारा औषधांच्या दुकानातला मुलगा, ज्याचं नाव गेल्या वर्षी आभारात राहिलं आणि ज्याच्या आईने मला बाजारात ते विचारलं.

यंदा विषय वाईचे सातही घाट. कृष्णामाईच्या उत्सवाशी तारीख अडकू नये म्हणून मेळावा डिसेंबरातच ठेवला आहे. आपापल्या आळीच्या घाटाच्या पायऱ्या मोजायला मुलं येतील, तेव्हा ज्यांच्याकडे घाटाचे जुने फोटो असतील त्यांनी ते दाखवावेत; तेवढे पांढरे ठोकळे कमी होतील. आणि मेळाव्याला या, आणि शेवटच्या गटापर्यंत थांबा.