सुविचाराच्या फळ्यावरची कादंबरी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे फक्त सर उभे राहिले. गॅदरिंग, सहली, कबड्डीची ढाल यांवर बाकीचे लिहितीलच.

जिन्याजवळच्या फळ्यावर रोज सुविचार असायचा, पण शनिवारी सर तिथे एखाद्या कादंबरीचं पहिलं वाक्य लिहायचे. लेखकाचं, पुस्तकाचं नाव सोमवारी. तोवर नुसते तर्क. ‘मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे’ हे ज्या आठवड्यात लिहिलं, त्या सोमवारी ‘कोसला’साठी ग्रंथालयात भांडणं झाली.

एकदा वार्षिक तपासणी नेमकी शनिवारी आली. फळ्यावर होतं : ‘एके सकाळी अस्वस्थ स्वप्नांतून जाग आली तेव्हा ग्रेगोर साम्साला दिसलं, बिछान्यातच आपला भलामोठा किडा झाला आहे.’

“हा कसला सुविचार?” साहेबांनी विचारलं. आमच्या छातीत धस्स झालं.

“साहेब, पुन्हा एकदा वाचा,” सर शांतपणे म्हणाले.

साहेबांनी वाचलं. थोडं थांबून म्हणाले, “मग? पुढं काय झालं त्याचं?”

“फिरता विक्रेता होता. पाचची गाडी चुकली, याचीच त्याला काळजी!”

साहेब मनापासून हसले आणि जाताना ग्रंथालयातून पुस्तक मागून घेऊन गेले.

सोमवारी सरांनी फ्रान्झ काफ्का या लेखकाची १९१५ साली प्रसिद्ध झालेली ती कथा, ‘मेटामॉर्फॉसिस’, उलगडली. माणसाचा किडा का झाला, हे काफ्का शेवटपर्यंत सांगत नाही. दूध उतू गेलं म्हणावं तितक्या सहज सांगतो, म्हणूनच आपण विश्वास ठेवतो. मग टॉलस्टॉय : ‘अ‍ॅना कॅरेनिना’त आधी साऱ्या सुखी-दुःखी कुटुंबांबद्दल एक विधान, आणि लगेच ओब्लोन्स्कींच्या घरातला गोंधळ! इतकं चांगलं शिकवणारं मला नंतर कॉलेजातही कुणी भेटलं नाही.

मध्यंतरी शाळेत गेलो होतो. फळ्याच्या जागी आता स्क्रीन आहे, त्यावर सूचना सरकत असतात. वाईट वाटलं. सरांचं ते सुबक अक्षर आजच्या मुलांना दिसायला हवं होतं.

मी आता जिल्हा न्यायालयात वकिली करतो. काफ्काही कायद्याचाच पदवीधर, हे सरांनीच सांगितलं होतं. ज्युनिअरने मसुदा आणला की पहिलं वाक्य मी मोठ्याने वाचायला लावतो. ते ऐकून पक्षकाराचं नेमकं काय बिघडलंय हे कळलं नाही, तर पुढचं पान उलटत नाही.