पक्कं बिल

आज नळ घ्यायला इंदूरच्या सियागंज बाजारात गेले होते. दुकानदार काका आपल्यातलेच, मराठी. म्हणाले, "ताई, बिल कशाला करता? १८ टक्के वाचतील." मी म्हटलं, "नको काका, पक्कंच करा." त्यांनी सहज विचारलं, "चर्चमध्ये हेही शिकवतात का?"

मग त्यांना बायबलमधल्या जक्कयाची गोष्ट सांगितली. यरीहो शहराचा मुख्य जकातदार, बुटका म्हणून येशूला बघायला झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरला आणि हा उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात आहे. त्याला धंदा सोडायला सांगितल्याचं तिथे कुठेच नाही. बदल आधी हिशोबात दिसला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. रविवारची उपासना हवीच, पण सोमवारी पावतीवर काय लिहिलं जातं तेही देव बघतो. (प्रामाणिकपणा काही आमचीच मक्तेदारी नाही, आमच्या शेजारच्या काकू याबाबतीत माझ्यापेक्षा कडक आहेत.)

काकांनी बिल फाडलं, शिक्का मारला आणि विचारलं, "मग त्या जक्कयाचं पुढे काय झालं?"

येत्या रविवारी मुलांच्या वर्गात हीच गोष्ट घेणार आहे.